भटारखान्यापर्यंत

चष्मेवाले काका चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे.

कुणाचा चष्मा दुरुस्तीला आला की आधी त्याचा वास घ्यायचे. मग सांगायचे, हा माणूस रंगकाम करतो, ही बाई दवाखान्यात असते. निम्म्या वेळा चुकायचे. तरी पुढचा चष्मा हुंगायचेच.

उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्या हाताची मुळापासून कापलेली. गिऱ्हाईक टक लावून बघायला लागलं की म्हणायचे, "उजवा हात हौशी आहे, डावा कष्टाळू."

नंबर तपासताना "दिसतंय का?" असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. "काय दिसतंय?" असं विचारायचे.

दुकानाचं शटर मला उचलायला लावायचे. "तरुण हाडं आहेत, वापर." बारीक स्क्रू बसवायचा असला की पेचकस माझ्या हातात द्यायचे. "चष्मेवाल्याचेच डोळे गेले बघ," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

शर्टाची बटणं लावलेलीच असायची. शर्ट डोक्यातून घालायचे, डोक्यातूनच काढायचे.

बोलताना उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरून बसायचे, जणू तो कुठे पळून जाईल.

या सगळ्या मला काकांच्या सवयी वाटायच्या.

काकांना जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. त्यांच्या दुकानाची एक किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ती कुणाला द्यायची ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

मी साहित्य शिकले आणि छापखान्यात प्रुफं तपासायला लागले. डोळे दुखायला लागले तेव्हा समोरच्या दुकानात गेले. एक काउंटर, एक आरसा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मागे काच घासायचं यंत्र. यंत्राच्या वर खुंटीला गिटार. मला तक्त्याची शेवटची ओळ दिसत नव्हती. अंदाजाने सांगून टाकली.

"ही ओळ तू वाचली नाहीस, रचलीस," काका म्हणाले. "लेखक आहेस का?"

"नाही. साहित्याची पदवी आहे."

"मग बरोबर. पुस्तकी."

तेव्हापासून मी पुस्तकी. नंबर वाढला म्हणून माझं तोंड उतरलं होतं. त्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "अगं, माणूस बिघडत नाही. नंबर बदलतो. काच बदलायची, चालायला लागायचं." हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. मला वाटतं, त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. माणसाचं काही कमी पडलं की वर एक काच चढवायची.

गिटार नायलॉनच्या तारांची होती. तार छेडायची पत्री न घेता नुसत्या बोटांनी वाजवायची. आवाज मऊ, एका खोलीला पुरेल एवढाच. डाव्या पायाखाली एक बुटका पाट घ्यायचा, गिटार मांडीवर उभी कलती ठेवायची. काकांच्या घरी तरुणपणी एक वादक भाड्याने राहिला होता, त्याने शिकवलं. तो गेला, गिटार राहिली.

दर रविवारी दुपारी काका दोन गल्ल्यांपलीकडच्या हॉटेलात वाजवायचे. लग्नाआधीपासून. तेव्हा ते हॉटेल म्हणजे एक खोली होती. मधे पडदा, पडद्यामागे भटारखाना. तिथे पावाच्या भट्टीवर एक मुलगी नवीनच लागली होती. एका रविवारी काकांनी शेवटची संथ गत वाजवली, पाय पाटावरून खाली घेतला, आणि वेटरने त्यांच्या शेजारी बशीत एक गरम पाव आणून ठेवला.

"मी मागवला नाही."

"आतून आलाय."

"कशाबद्दल?"

"ते नाही सांगितलं. ऐकू येतंय, एवढं सांग म्हणाली."

पुढच्या रविवारी पुन्हा पाव. मग नेमच झाला. शेवटची गत आत पोचली तर पाव यायचा, नाही पोचली तर नाही. ती मुलगी म्हणजे काकू. लग्न झालं, केस पांढरे झाले, नेम मोडला नाही. घरात काका कधी गिटार वाजवत नसत. मी एकदा काकूंना विचारलं, घरी का नाही ऐकत?

"घरी ऐकायला बसावं लागतं," काकू म्हणाल्या. "तिथं कसं, मी माझं पीठ मळत असते. कानावर पडतं."

काकांना हा फरक पुरता ठाऊक होता. ते लोकांसाठी वाजवतात आणि तिच्या कानावर पडतं, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. न बोलता.

माझी ओळख झाली त्याच वर्षी हॉटेल मोठं झालं. मधली भिंत पाडली, छत उंच केलं. भटारखाना मागे गेला. आता मधे एक लांब बोळ आणि दोन झुलती दारं आली. भट्टीवर धूर ओढणारा मोठा पंखा बसला. पहिल्याच रविवारी काकांनी शेवटची गत वाजवली, पाय खाली घेतला, आणि बसून राहिले. बशी आली नाही.

संध्याकाळी काकू घरी आल्या तेव्हा मी तिथेच होते.

"आज पोचलं नाही," काका म्हणाले.

"निघालं असेल हो," काकू चप्पल काढत म्हणाल्या. "वाटेत कुठे जेवायला बसलं असेल."

हॉटेलच्या मॅनेजरचीही तक्रार होती. "काका, फार सुंदर वाजवता. म्हणजे वाजवत असणार. पलीकडच्या टेबलांना तुमचे नुसते हात दिसतात."

मग भोंगा आला. भोंगा काकांचा शाळेपासूनचा मित्र. स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्त करायचा त्याचा धंदा. त्याचा स्वतःचा आवाजही असा की फोनवर बोलला तर फोन बाजूला ठेवला तरी चालायचं. सगळे त्याला भोंगाच म्हणत, त्याची बायकोसुद्धा.

"अरे काचवाल्या, एवढंच ना?" तो म्हणाला. "वहिनींच्या भट्टीशेजारी एक छोटा स्पीकर टांगतो, इथून वायर ओढतो. काम संपलं."

"नाही."

"का?"

"मग तिला ऐकावं लागेल."

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

"बरं बाबा. मग हॉलच एवढा भरून टाकू की दारं आपोआप उघडतील."

पहिल्यांदा त्याने गिटारच्या पोटावर एक पिकअप बसवला. विजेच्या गिटारवर असतो तसला, आत लोहचुंबक असलेला. वायर जोडली, बटण फिरवलं. काकांनी वाजवलं. स्पीकरमधून काहीच आलं नाही. पुन्हा वाजवलं. काही नाही. भोंग्याने वायर बदलली, प्लग बदलला, स्पीकरला एक चापट मारली. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "लोहचुंबक लोखंडी तारेला ओळखतो. तुझी तार नायलॉनची. याच्या बापालाही ती दिसायची नाही."

"म्हणजे आंधळ्याला चष्मा लावलास," काका म्हणाले. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. मीही.

मग माइक ठेवून पाहिला. आवाज वाढवला की स्पीकर शिट्टी मारायचा. मग बटणाएवढी एक चकती लाकडाला चिकटवली. तिने लाकडाचा प्रत्येक ठोका पकडला. काकांची बाही घासली तरी हॉलमध्ये कुणी कपाट सरकवल्यासारखं वाटायचं. शेवटी भोंग्याने कुठून तरी एक पातळ पट्टी आणली. तारा ज्या हाडाच्या तुकड्यावर टेकतात, त्याच्या खाली ती बसते आणि तारांचं थरथरणं तिथेच उचलते. त्या हाडाचा तळ अगदी सपाट लागतो, नाही तर एखादी तार मुकी राहते. काकांनी तो तुकडा आपल्या काच घासायच्या यंत्रावर सपाट केला. धरायला मी होते. त्यांचा हात सटकत होता. "यंत्र म्हातारं झालं," ते म्हणाले.

त्या रविवारी आवाज पोचला. जरा कर्कश होता, बदकाने गायला घेतल्यासारखा, पण पोचला. काकांनी पाय पाटावरून खाली घेतला. बोळातून वेटर आला. बशीत पाव होता. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि मला अर्धा दिला.

काही रविवार पाव येत राहिला. मग एका रविवारी आला नाही.

"आज भट्टीचा पंखा जोरात होता," काकू म्हणाल्या.

पुढच्या रविवारीही नाही.

भोंग्याने बटण थोडं वाढवलं. पाव आला. परत थांबला. त्याने मधे एक डबी जोडली, आवाज आणखी वाढवणारी. पाव आला. परत थांबला. भोंगा चिडला. आजवर कुठल्या यंत्राने त्याला असं चकवलं नव्हतं. पट्टी बदलली, वायर बदलली, स्पीकर उंचावर टांगला. बटण जसं वर जात होतं तसं बाकीचं सगळं पुढे येत होतं. तारेवरून बोट सरकल्याची चीं चीं. शर्टाचं बटण लाकडाला लागल्याचा आवाज. काकांचा श्वास. पलीकडच्या टेबलांना आता काकांचा श्वास ऐकू यायचा. सूर मात्र मधेच कुठेतरी बुडालेला.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" भोंगा एकदा वैतागून म्हणाला. तो गिटारला म्हणत होता. "हे लाकूडच मेलंय. दुसरी घे."

"लाकूड मरत नाही," काका म्हणाले. "नंबर बदलला असेल. बघ अजून काही."

एका सकाळी हॉटेल उघडायच्या आधी ते पुन्हा तपासायला बसले. वेटर टेबलांवर चमचे आणि ग्लास मांडत होते. भोंगा हॉलच्या टोकाला उभा. अँप्लिफायरचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत नेलेलं.

"वाजव."

काकांनी वाजवलं.

"येतंय. नाही, थांब. हा तुझा शर्ट येतोय."

काका हसले. गिटार खुर्चीवर टेकवली आणि हात धुवायला गेले. गिटार खुर्चीवरून घसरली. मी पुढे होऊन पकडली. पकडताना माझा अंगठा जाड तारेवर पडला.

अख्खा हॉल दणाणला. ग्लास एकमेकांवर किणकिणले. एका वेटरच्या हातून चमचे खाली पडले. तो सूर बराच वेळ छताखाली फिरत राहिला.

बोळाकडचं दार उघडलं. काकू बाहेर आल्या. कोपरापर्यंत पीठ, चेहऱ्यावर हसू. त्याआधी कधी त्या हॉलमध्ये आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"अहो, पोचलं," त्या म्हणाल्या. "आज खणखणीत पोचलं."

काका बेसिनपाशी उभे होते. हातांवरून पाणी गळत होतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे. माझा हात अजून तारेवर होता.

भोंगा चालत आला. अँप्लिफायरपाशी वाकला आणि बटण हळूहळू मागे आणलं, अगदी सावकाश, एखाद्याला जाग येऊ नये तसं. यंत्राला काही झालेलं नव्हतं. कधीच झालं नव्हतं.

ती आडाची म्हण भोंगा त्यानंतर कधी बोलला नाही.

डॉक्टरांकडे काका, काकू आणि मी गेलो. डॉक्टरांनी काकांना मूठ वळायला सांगितली, बोटं पसरायला सांगितली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता. मी तो हात रोज बघत होते. तो खळगा मला तेव्हा दिसला. मग तपासण्या झाल्या, सुया टोचून झाल्या. डॉक्टर तरुण होते. टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाले, स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. आधी हात. मग बाकीचं. मग श्वास. याच्यावर औषध नाही.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "याला नंबर असतो का?"

डॉक्टरांना कळलं नाही. काकूंना कळलं. त्यांनी काकांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. ती सरळच होती.

येताना रिक्षा केली. घर जवळ आल्यावर काका म्हणाले, "भोंग्याला सांग पुस्तकी, पट्टी चांगली होती."

काका रविवारी वाजवायला जात राहिले. मॅनेजर भला माणूस निघाला. काही बोलला नाही, फक्त इतर दिवशी गाणी लावायला एक पेटी आणून ठेवली. भोंगा दर रविवारी लवकर यायचा, बटण थोडं वाढवायचा, आणि "आज मशीन मस्त आहे हं" असं मोठ्याने सांगायचा. मी पुढच्या टेबलावर बसायचे. आम्हाला दुसरं काही करता येत नव्हतं. काय करावं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून जे करता येत होतं ते करत होतो. बटण फिरवत होतो.

आणि पाव परत यायला लागला. दर रविवारी. न चुकता.

काकांचा चेहरा उजळायचा. "पोचतंय," म्हणायचे. "पंखा बदलला असेल." मी मान हलवायचे. मला पुढच्या टेबलावर नीट ऐकू येत नव्हतं. पण पाव येत होता, आणि मी तो खात होते.

मग तो रविवार आला. हॉल भरलेला होता. काकांनी शेवटची गत सुरू केली. डावा हात गिटारच्या मानेवर ठरल्या जागी फिरत होता. उजवा हात तारांवर होता. मी बघत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. वाटलं, गर्दीचा आवाज असेल. मग लक्षात आलं. बोटं तारांना लागत नव्हती. तारांच्या वर, कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर, ती हवेत हलत होती. काका पूर्ण गत तशी वाजवून गेले. जिथे थांबायचं तिथे थांबले, जिथे सावकाश व्हायचं तिथे सावकाश झाले. हॉलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक जेवत होते. एका टेबलाने टाळ्याही वाजवल्या.

काकांनी पाय पाटावरून खाली घेतला.

बोळातून वेटर आला. बशीत पाव होता. गरम.

काका त्या पावाकडे बराच वेळ बघत राहिले. मग दोन्ही हातांनी उचलला. तोडता येईना. माझ्यापुढे धरला. मी तोडला.

"चांगला भाजलाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बिचारी."

मी नंतर वेटरला विचारलं. काकूंनी त्याला सांगून ठेवलं होतं, काकांचा पाय खाली आला की पाव न्यायचा. ऐकू येण्याचा प्रश्नच ठेवला नव्हता. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी भोंग्याला दुकानात बोलावलं.

"तो छोटा स्पीकर. भट्टीशेजारचा."

भोंग्याने हातातला पेचकस काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "तेव्हाच म्हणालो होतो."

"तेव्हा तिच्या कानावर पडत होतं."

"आणि आता?"

"आता ती कान देऊन असते. भट्टीसमोर उभी राहून, पंख्याच्या आवाजात, दोन दारांच्या पलीकडून. आणि ऐकू येत नाही म्हणून खोटं बोलते." काकांनी अंगठा मुठीत घेतला. "डोळे ताणणाऱ्याला चष्मा द्यावाच लागतो. रोज नाही लागत बोट तारेला, पण अजून थोडं वाजतं माझ्याच्याने. तिच्या कानाशी नेऊन ठेवलं तर ऐकू येईल. येईल ना?"

"कानाशी ठेवलं तर मुंगीही ऐकू येईल," भोंगा म्हणाला. "मी उद्याच वायर टाकतो."

"वायर मी टाकणार."

"अरे, तुझ्या..." भोंगा थांबला.

"तू वायर दे. आणि क्लिपा."

दुपारी हॉटेल बंद असताना आम्ही जायचो. काकू त्या वेळी घरी असायच्या. सुरुवात वाजवायच्या जागेपासून. भिंतीच्या तळाशी काकांनी पेन्सिलने रेघ मारली, फूटपट्टी लावून. सारख्या अंतरावर खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर एक क्लिप, क्लिपेत एक खिळा. हातोडी दोन्ही हातांनी धरायचे. खिळा मी धरू का विचारलं तर म्हणाले, "तू खुर्ची धर."

"मी ठोकते ना, काका. पटकन होईल."

"तू ठोकलीस तर तुझी वायर होईल."

मी खुर्ची धरली.

हॉलमधली वायर अगदी सरळ आहे. छापलेल्या ओळीसारखी. बोळाच्या तोंडाशी पहिली क्लिप तिरकी आहे. पुढे अंतरं वाढत जातात. वायर मधे मधे लोंबते. पहिल्या दारानंतर खिळे संपतात. हातोडी उचलेनाशी झाली होती. मग काकांनी चष्म्याच्या फ्रेमचा गोंद आणला आणि क्लिपा भिंतीला चिकटवायला लागले. क्लिप भिंतीवर ठेवायची आणि गोंद वाळेपर्यंत तळहाताने दाबून धरायची. एका दुपारी एकच क्लिप व्हायची. ते भिंतीला हात लावून, डोळे मिटून उभे असायचे. बोळातून जाणाऱ्या वेटरांना वाटायचं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

"काय करताय काका?"

"भिंत पडते आहे. धरून ठेवलीय."

वेटर हसत पुढे जायचे.

काकू रोज त्या बोळातून ये-जा करत होत्या. हातात पावाचे ट्रे, भिंतीवर रोज थोडी पुढे सरकणारी वायर. त्या काही बोलल्या नाहीत. काकाही नाही. रविवारी पाव येत होता. काका तो खात होते. एकमेकांना सगळं ठाऊक होतं आणि कुणीच ताकास तूर लागू देत नव्हतं.

मला एवढंच कळत होतं की वायर आणि काकांचा हात यांची शर्यत लागली आहे. मी खुर्ची घट्ट धरायचे. तेवढंच माझ्या हातात होतं.

मग थंडी आली. काकांना खोकला झाला. साधा खोकला, कुणालाही होतो तसा. पण तो बाहेर काढायला लागणारी ताकद त्यांच्या छातीत उरली नव्हती. पुढच्या दुपारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

मी घरी गेले तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. काकू चमच्याने सूप भरवत होत्या. बोलताना काकांना मधे मधे थांबावं लागत होतं.

"गोंदाचं झाकण लावलंस का?"

"लावलं."

"वाळतो नाही तर." श्वास घेतला. "दोन-तीनच राहिल्यात. दुसरं दार ओलांडलं की आलंच."

काकूंनी चमचा पुढे केला. "कसल्या क्लिपा?" त्यांनी विचारलं. इतक्या सहज विचारलं की मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

"चष्म्याच्या," काका म्हणाले.

"तोंड उघडा."

ते आमचं शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात काका दवाखान्यात गेले आणि तिथून परत आले नाहीत. भोंगा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होता. मला बघून काहीतरी म्हणाला. त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही.

नंतर काकू कामावर परतल्या. भट्टी कुणाला तरी सांभाळायला हवीच. मी आणि भोंगा एका दुपारी हॉटेलात गेलो. त्याने तो छोटा स्पीकर आणला होता. फडक्यात गुंडाळून, लहान मूल आणावं तसा. काकूंनी पीठ मळायच्या टेबलाखाली जागा करून दिली.

"वहिनी, दोनच क्लिपांचं काम आहे," भोंगा म्हणाला. "जोडून टाकू का?"

काकूंनी हात पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

"आणि ऐकू काय?" त्या म्हणाल्या.

भोंग्याने स्पीकर टेबलाखाली सरकवला.

"राहू दे भाऊजी. त्यांच्या कामात दुसऱ्याने हात घातलेला त्यांना चालत नाही."

स्पीकर टेबलाखालीच आहे. त्याच्यावर पिठाची पातळ साय धरली आहे. गिटार दुकानात खुंटीला आहे, तिची पट्टी जागच्या जागी.

परवा मी बोळातून गेले. वायर हॉलमधून निघते, सरळ येते, मग वाकडी होते, पहिलं दार ओलांडते आणि दुसऱ्या दाराच्या अलीकडे थांबते. उरलेलं भेंडोळं भिंतीतल्या एका जुन्या खिळ्याला अडकवलेलं आहे. तांबं उघडं पडू नये म्हणून काकांनी टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे.

दाराच्या पलीकडे, भट्टीच्या बाजूच्या भिंतीवर, गोंदाने चिकटवलेली पुढची क्लिप आहे. ती काकांनी कधी लावली ते मला माहीत नाही. तिच्यात वायर नाही.